कैफियत

सात कपाटं, पाच चाव्या.
उरलेली दोन नाडीनं बांधलेली,
पायजम्याच्याच, पक्की गाठ मारून.
चार्ज देताना गजमल सर म्हणाले,
"इथं सही करा. आणि इथं. इथं तारीख नका टाकू."
आणि चहा तसाच सोडून
नांदेडची बस गाठायला निघाले.

कंधारच्या प्रशालेतला माझा पहिला दिवस.
पदाचं नाव ग्रंथपाल.
काम पतंगे बाईंनी केबिनमध्ये समजावलं :
"पुस्तक हरवलं की पगारातून कपात.
तुमच्या आधीच्यांनी एक हरवू दिलं नाही, बरं का."

खरंय.
देवघेवीचं रजिस्टर उघडलं,
अकरा वर्षं कोरी.
त्याआधीच्या शेवटच्या ओळीत कुण्या पोराची सही,
सातवी ब, शाई पसरलेली.

मोजायला बसले. तीन आठवडे लागले.
डोक्याला ओढणी, नाकाला रुमाल,
संध्याकाळी शिंकले की रुमालावर काळी माती,
जशी काही नांगरट करून आले.
शब्दकोशातला 'म' वाळवीनं मुळासकट खाल्लेला.
'य'पासून पुढं सगळं शाबूत.
पोट भरलं असेल.

रजिस्टरात एक हजार आठशे चौऱ्याऐंशी.
कपाटात एक हजार आठशे एकतीस.
त्रेपन्न कमी,
आणि सही माझी.
त्या रात्री भाड्याच्या खोलीत
मी पगाराला त्रेपन्नांनी भागत राहिले.

सगळ्यात जुन्या रजिस्टरची पानं उर्दूत.
फसली तेराशे एकावन्न.
मला एक अक्षर लागेना.
खिचडी शिजवणाऱ्या खाजाबीनं पदराला हात पुसले,
चष्मा नव्हता म्हणून पान हातभर लांब धरलं
आणि मीठ बघावं तसा एकेक रकाना चाखत गेली :
"ये नंबर. ये किताब का नाम. ये कीमत, छे आने.
और ये आखरी खाना, कैफियत."
कैफियत म्हणजे?
"किताब का क्या हुआ, वो लिखना इसमें."
आणि भात लागतोय म्हणत पळाली.

आमच्या रजिस्टरात ह्याच रकान्याला शेरा म्हणतात.
शेऱ्याला एकच शब्द येतो : गहाळ.

मग त्रेपन्न नावं कोऱ्या कागदावर उतरवली.
सायकल दुरुस्ती. घरगुती शिवणकाम.
मोटार रिवाइंडिंग, आकृत्यांसह.
बाळंतिणीची निगा. आकाशाचे नकाशे.
भुताच्या गोष्टींचे नऊच्या नऊ भाग.
शासनाचे अहवाल मात्र एकूण एक जागेवर,
पानंसुद्धा न फाडलेली.

बाजारात एक शिलाई मशीन चालत असतं, दुपारभर.
आधी नुसता आवाज यायचा.

नाडीची गाठ सुटेना, कात्रीनं कापली.
पहिला आला मुंजाजी. सातवी ब.
"म्याडम, हात लावून बघू का?"
बघ म्हटलं.
"घरी नेऊ का?"
इथं मी थांबले. खोटं कशाला सांगू,
पंच्याऐंशी रुपये किंमत होती, ती दिसली आधी.
मग त्याच्या नावापुढं तारीख टाकली.

पाखरांचं पुस्तक.
दिवाळीनंतर शाळा भरली, मुंजाजी नाही.
आई-बाप उसाला गेले, कोयता घेऊन,
तो बरोबर.
हजेरीत त्याच्या नावापुढं लाल रेघ.
पुस्तक त्याच्या पिशवीत, असं त्याची बहीण म्हणाली,
भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेलं.

वर्षअखेरीची तपासणी.
पतंगे बाईंचं बोट रकान्यावरून खाली सरकलं, थांबलं.
शेरा मी खोडला होता.
त्याच्या डोक्यावर कैफियत लिहिलं होतं,
आणि खाली, एकशे बाराव्या नोंदीसमोर :
'कराडकडं, फडात आहे.
तिथं बगळे पुष्कळ.
परत यायची घाई नाही.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"कपात मात्र होईल हं."
हो म्हटलं.
सही त्यांची. तारीख मी टाकली.